दिल्लीची डिस्कव्हरी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

कऱ्हाडहून एका बागायतदारांनी विचारलंय. २०१२ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, तीन लिटरचं डिझेल इंजिन, दिल्ली पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ९४ हजार किलोमीटर. विकणारा अकरा लाख मागतोय. घरात सात माणसं, जमीन पाटणच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात तिथं रस्ता म्हणून काही उरत नाही. ते लिहितात, ‘एवढ्या पैशात जुनी फॉर्च्युनर येते हे कळतं, पण मनात हीच बसलीय. घेऊ का, आणि घेतली तर सांभाळू कशी?’

मनात बसलीय म्हणताय म्हणजे अर्धा सौदा झालाच. तरी उरलेल्या अर्ध्यासाठी लिहितो. बावीस वर्षं अशाच गाड्यांच्या खाली पाठ टेकून काढली आहेत, त्यामुळे या गाड्यांवर माझं प्रेमही आहे आणि त्यांचा रागही येतो.

आधी माझं मत सांगून टाकतो. अकरा लाखांची ही गाडी घेऊ नका. हीच गाडी, पहिल्या दिवसापासूनची बिलं असलेली, कुणी चौदा लाखांना देत असेल तर घ्या. वरचे तीन लाख तुम्ही गाडीला देत नाही, आधीच्या मालकाच्या शिस्तीला देता, आणि या जातीच्या गाडीत शिस्त हाच सगळ्यात महाग पार्ट आहे. नवी असताना ही पन्नास लाखांच्या कितीतरी वरची गाडी. जुनी झाली तशी तिची किंमत उतरत गेली, पण कॉम्प्रेसर, टर्बो, गिअरबॉक्स यांना तिचं वय माहीत नाही. ते अजून पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावात येतात.

दिल्लीची गाडी स्वस्त का, हे आधी समजून घ्या. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्ली परिसरात चालवायची नाही, असे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच रेघ ओढली. पुढे या प्रकरणाचे कोर्टात बरेच फेरे झाले, पण बाजाराने जे समजायचं ते तेव्हाच समजून घेतलं. तिथल्या मालकाला गाडी काढायचीच असते, म्हणून भाव पडतो. म्हणजे स्वस्त आहे याचा अर्थ गाडी खराबच असेल असं नाही. मात्र यातल्या बऱ्याच गाड्या विकल्या जाण्याआधी महिनोन् महिने बेसमेंटमध्ये उभ्या असतात. गाडी पळून जेवढी झिजते, त्याहून उभी राहून जास्त बिघडते. रबर कडक होतं, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो, डिझेलच्या टाकीत पाणी साचतं.

आता कागद. दिल्लीच्या परिवहन खात्याची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलाचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. एनओसीवर तुमच्याच आरटीओचं नाव आहे ना, ते वाचा; ‘महाराष्ट्रात कुठेही चालेल’ असं एजंट तोंडानं सांगेल. दुसऱ्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो आणि त्याबरोबर इथला रोड टॅक्स भरावा लागतो. हा टॅक्स तुमच्या अकरा लाखांवर धरत नाहीत. गाडीची मूळ किंमत आणि वय बघून काढतात. कंपनीच्या नावावर असलेल्या आणि आयात गाड्यांना दर चढा असतो. तेव्हा टोकन देण्याआधी आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा आणि आकडा लिहून आणा. कित्येकांचा सौदा या एका आकड्यावर फिसकटलेला मी पाहिलाय. फिसकटला ते बरंच झालं.

अजून एक खाच आहे, ती कुणी सांगत नाही. २०१२ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ ला भरतात. मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याची फी ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये. डिस्कव्हरी ४ आयात होऊन आलेली गाडी. त्याच घरातली फ्रीलँडर २ मात्र २०११ पासून आपल्या पुण्यात, चिखलीला जुळवली जात होती. आरसीवर गाडी आयात म्हणून लिहिलीय का, ते बघून ठेवा. वर पर्यावरण कर आहेच.

मीटरवरचे ९४ हजार मी खरेही धरत नाही, खोटेही धरत नाही. त्या आकड्याकडे बघतच नाही. स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत झालंय का, ब्रेक पेडलचं रबर किती झिजलंय, ड्रायव्हरच्या सीटची दारापासची कड बसलीय का, ते बघतो. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर वेगवेगळ्या सालचे निघाले तर मालक कसा होता ते कळलं. चेसिस नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद निघते, विकणाऱ्याला ती काढून द्यायला सांगा. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी पुरात बुडाली असेल तर आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, आणि सीटच्या खालच्या रुळांना गंज. डिटेलिंगवाला बाकी सगळं चकाचक करतो, तिथं त्याचा हात पोचत नाही.

आता इंजिन, कारण खरी भीती तिथं आहे. हे तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल चालवायला फार गोड, ६०० न्यूटन मीटर टॉर्क, अडीच टनांची गाडी घाटात लोण्यासारखी चढते. पण या इंजिनांत क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, आधार देणारं मेन बेअरिंग जागेवरून फिरून तो दांडाच तुटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. प्रत्येक गाडीत होतं असं अजिबात नाही, आणि कारणाबद्दल मिस्त्री लोकांत आजही वाद आहेत. बेअरिंगच्या पातळ, वाटीसारख्या शेलला जागेवर धरून ठेवणारी खाच नाही, असं एक म्हणणं. तेलाचा दाब कमी पडतो, असं दुसरं. आणि इंग्लंडमध्ये वर्षाला किंवा सोळा हजार मैलांना, म्हणजे जवळपास २६ हजार किलोमीटरला ऑइल बदलायची सवय लावली, तिथं घोळ झाला, असं तिसरं. मला तिसरं सगळ्यात पटतं. तिन्हीपैकी तेवढंच आपल्या हातात आहे, हे एक कारण. आणि दहा हजाराच्या आत ऑइल बदलणाऱ्या गिऱ्हाइकांची इंजिनं मी वर्षानुवर्षं शांत चालताना ऐकतोय, हे दुसरं.

म्हणून गाडी बघताना ऑइलची बिलं मागा. प्रत्येक बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड. दोन बिलांत वीस हजारांचं अंतर दिसलं की मी बोनेट लावून चहा प्यायला जातो. बिलं ठीक असतील तर विकणाऱ्याच्या परवानगीनं, तुमच्या खर्चानं, ऑइल फिल्टर काढा आणि त्याचा कागद फाडून उन्हात धरा. जरीसारखी चमचम दिसली तर बेअरिंग बोलायला लागलंय. काढलेलं थोडं ऑइल लॅबला देऊन त्यातला धातू तपासून घेता येतो. त्याला जे काही पैसे पडतील ते इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे चिल्लर आहेत.

इंजिन थंड असतानाच ऐका. यात मी स्वतः फसलेलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्रासाठी गाडी बघायला गेलो, दुसऱ्याच कंपनीची, नाव घेत नाही. दुपारी बारा वाजता पोचलो. विकणाऱ्यानं आधीच गाडी ‘एसी चेक करायला’ अर्धा तास चालू ठेवली होती. बोनेटवर हात ठेवला, गरम लागलं, मनात पाल चुकचुकली. पण पन्नास किलोमीटर लांब आलोय, परत कोण येणार, म्हणून हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या दारात गाडी सुरू केली आणि चेनचा खुळखुळा सगळ्या सोसायटीनं ऐकला. तेव्हापासून नियम केला: आदल्या रात्री मुक्काम, सकाळी सहाला पहिला स्टार्ट माझ्या हातचा. दिल्लीची गाडी असेल तर तिकडचा एक रात्रीचा मुक्काम सौद्याच्या खर्चात धरा.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या रबरी पट्ट्याबद्दल, लोक फक्त किलोमीटर बोलतात. कंपनीचा आकडा पावणेदोन लाख किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून ९४ हजारवाला निर्धास्त असतो. पण रबराला वर्षंही लागू होतात, आणि सात वर्षांनंतर मी तो बेल्ट गाडीत राहू देत नाही. शिवाय इथं दोन बेल्ट आहेत. एक पुढे, दुसरा इंजिनच्या मागच्या बाजूला डिझेलचा हाय प्रेशर पंप फिरवतो. पुढचा बदलल्याचं बिल असतं आणि मागचा कंपनीतून आलेलाच असतो, हे हमखास. बिलावर दोन्ही लिहिलेत का बघा. नसतील तर ते काम तुमच्या पहिल्या महिन्याच्या खर्चात आलं.

या गाडीत हात घालायला जागा नाही. टर्बोसारखं मोठं काम असेल तर गाडीची बॉडीच चेसिसपासून उचलून वर धरायची पद्धत आहे. चांगली लिफ्ट आणि सवयीचे दोन माणसं असली की ते खरं तर सोपं जातं. पण पहिल्यांदा बघणारा मालक हादरतो. तुमच्या मिस्त्रीला विचारा, बॉडी उचललीय का कधी? ‘बघू, जमवू’ म्हणाला तर गाडी चांगली असूनही तुमच्या गावासाठी ती नाही.

एअर सस्पेन्शनला, म्हणजे स्प्रिंगांऐवजी गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या फुग्यांना, लोक उगाच घाबरतात. ते बिघडतं, पण सांगून बिघडतं. रात्री सपाट जागेवर उभी करा, चारही चाकांवरची उंची टेपनं मोजा, सकाळी पुन्हा मोजा. ही गाडी उभ्या उभ्याही मधूनमधून स्वतःची पातळी सावरते, त्यामुळे नीट मोजायचं तर मिस्त्रीकडून सस्पेन्शनचा फ्यूज काढून घ्या. एक कोपरा बसला तर तिथं गळती आहे. गळती छोटी असते, पण ती भरून काढायला हवा भरणारा कॉम्प्रेसर दिवसभर धावतो आणि शेवटी तोच जळतो. मग मालक नवा कॉम्प्रेसर टाकतो, गळती तशीच ठेवतो, आणि वर्षभरात नवाही जातो. हवा वाळवणारा ड्रायर बदलायचं कुणी लक्षातच ठेवत नाही. कोकणातल्या दमट हवेत फिरणाऱ्या गाडीला तर तो लागतोच. काही जण सगळं काढून साध्या स्प्रिंगा बसवतात. तसं करायचं असेल तर ही गाडी घेण्यात अर्थ नाही. पाटणच्या वाटेवर बटण दाबलं की ती साडेपाच सेंटिमीटर वर उचलली जाते, त्यासाठीच तर तुम्ही ती घेताय.

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा. २०१२ च्या आसपास सहा गिअरचा जाऊन आठचा आला, तेव्हा तुमच्या गाडीत कोणता आहे ते बघून घ्या. दोन्ही चांगले. ‘याचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं’ असं कुणी सांगितलं तर विचारा, कुणाच्या आयुष्यभर? स्वतः झेडएफचं म्हणणं ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठेक वर्षांत बदला असं आहे. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनसकट किट टाकायचं, नुसतं ऑइल सोडून भरायचं नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि पुढच्या-मागच्या आसावरच्या दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल त्याच दिवशी उरकून टाका. गाडी बघताना लो रेंज, म्हणजे चढ-चिखलासाठीचे कमी वेगाचे आणि जास्त ओढीचे गिअर, लावून दहा मीटर पुढे, दहा मीटर मागे घ्या. शहरातल्या गाडीत ते बटण कुणी कधी दाबलेलं नसतं.

इलेक्ट्रिक हँडब्रेक ओढला की लाकूड कापल्यासारखा आवाज आला, तर तो ‘असाच असतो’ यावर विश्वास ठेवू नका. मागच्या डिस्कच्या आत छोटे ड्रम आणि शू आहेत. त्यात चिखल जातो, शूची सेटिंग हलते, आणि मोटर जोर लावून लावून अडकते. तुमच्या शेताच्या रस्त्याचा चिखल त्यात पहिल्याच पावसाळ्यात जाणार. म्हणून जून ते सप्टेंबर दर महिन्याला पाण्याच्या पाइपनं चाकाच्या आतून धुवायचं आणि दिवाळीच्या आत एकदा उघडून साफ करून सेटिंग करायचं. पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश आपल्या रस्त्यांवर लवकर जातात. स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, टायर आतून खाल्ला जातो. आर्म बदलला की अलाइनमेंट केलीच पाहिजे.

पावसाचं अजून एक. सनरूफच्या कडेनं पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दिल्लीची धूळ त्यात साठून बसते, आणि सातारा-पाटणचा पाऊस लागला की पाणी नळीतून न जाता पुढच्या खांबातून पायाशी उतरतं. गालिच्याखाली वायरिंग आहे. त्यानंतर डॅशबोर्डवर रोज नवा दिवा लागतो. गाडी घ्यायच्या आधी सनरूफच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता आणि खाली चाकाजवळ बाहेर पडतं का बघा. दिव्यांवरून आठवलं, या गाडीत एकदम पाच-सहा दिवे लागले, सस्पेन्शन, हँडब्रेक, गिअरबॉक्स सगळंच, तर घाबरून टोचन करून आणण्याआधी बॅटरी तपासा. व्होल्टेज उतरलं की हिचे सगळे कंट्रोलर, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, रडायला लागतात. बॅटरीत पैसे वाचवू नका, कंपनीनं सांगितलेल्याच क्षमतेची टाका.

घेतलीत तर पहिल्या महिन्यात काय करायचं? गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा बाजूला काढा आणि तो खर्च होणारच असं धरून चाला. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, दोन्ही बेल्ट, गिअरबॉक्सचं किट, कूलंट आणि त्याचे प्लास्टिकचे जोड, ब्रेक ऑइल. हे झाल्यावर आधीच्या मालकाचा हिशेब संपला, तुमचा सुरू झाला. पुढे इंजिन ऑइल आठ हजारांना किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. या गाडीसाठी सांगितलेला ग्रेड डब्यावर छापलेला असला पाहिजे. ‘हे पण चालतं’वाला डबा परत करा. फोनला जोडायचा, लँड रोव्हरचे सगळे कंट्रोलर वाचणारा स्कॅनर स्वतःचा घ्या. दोन फेऱ्यांच्या टोचनाच्या पैशात तो येतो, आणि दिवा लागला की कऱ्हाडहून पुण्याला यायचं की नाही हे घरबसल्या ठरवता येतं.

पार्ट मागवताना डब्यापेक्षा नंबर बघा. त्या काळच्या रेंज रोव्हर स्पोर्टशी हिचे खूप पार्ट जुळतात, त्यामुळे शोध दोन्ही नावांनी घ्यायचा. गिअरबॉक्सचं किट झेडएफचंच. फिल्टर मान किंवा माहले या कंपन्यांचा मिळाला तर उत्तम. जुन्या बाजारातून दार, आरसा, काच, सीट खुशाल घ्या. कॉम्प्रेसर, टर्बो, सेन्सर आणि आर्म मात्र जुने घेऊ नका. टायर २५५/५५ आर १९, तुमच्या रस्त्याच्या मानानं रबराची बाजूची उंची जरा कमी. अठरा इंची चाकं टाकून जास्त उंच बाजूचे टायर बसवू म्हणाल, तर तीन लिटरच्या गाडीत पुढचे ब्रेक मोठे आहेत, त्यावर कंपनीची अठराची चाकं बसत नाहीत. ऑल टेरेनचे टायर एकोणीसमध्येच शोधा. ओढ्यात उतरण्याची हिची मर्यादा ७०० मिलिमीटर आहे. ती थांबलेल्या पाण्याची. कोयनेच्या खोऱ्यातला ओढा पावसात थांबलेला नसतो, तेव्हा आधी काठीनं मोजा, नाहीतर सरळ मागे फिरा.

फॉर्च्युनरचं विचारलंय, तर खरं सांगतो. घरात दुसरी गाडी नसेल आणि सकाळी सातला बाजार समितीत पोचायचंच असेल, तर फॉर्च्युनर घ्या. तिचा मिस्त्री कऱ्हाडातच मिळतो आणि पार्ट त्याच दिवशी. डिस्कव्हरी आठवडाभर गॅरेजात राहिली तरी ज्याचं काही अडत नाही, त्यानेच ती ठेवावी. फ्रीलँडर २ सुचवणारेही भेटतील. चांगली गाडी आहे, पण पाच सीटची, लो रेंज नाही. तुमच्या सात माणसांना आणि त्या चढाला ती पुरणार नाही.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा स्पेअर चाक खाली उतरवून बघा. ते मागे गाडीच्या पोटाखाली वायरच्या दोरीवर टांगलेलं असतं, पाना फिरवून खाली सोडायचं. शहरातल्या गाडीत ते बारा-बारा वर्षं कुणी सोडलेलं नसतं, दोरी गंजून घट्ट बसते. सहज उतरलं तर कुणीतरी या गाडीची खरंच देखभाल केलीय. नाही उतरलं तर गंज काढून ग्रीस लावायचं काम आत्ताच करून घ्या, पाटणच्या घाटात रात्री भर पावसात नको.